तळाची ओळ

(दृश्य : धुळे, सकाळ. एका गल्लीत अर्धवट उघडं शटर. आत ट्रेडल मशीन, त्यावर पोती.)

हा छापखाना बंद पडून बरीच वर्षं झाली. तरी शटर वर केलं की आधी शाईचाच वास येतो. शिशाला किलोमागे चांगला भाव मिळतो, भंगारवाले दोनदा येऊन गेले, पण इथे अक्षरं जुळवणाऱ्या आप्पांनी खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, विकले नाहीत.

हे हात पाहा. डाव्या हातात स्टिक, म्हणजे ओळ जुळवायची पट्टी आहे, उजवा हात केसवर, म्हणजे खिळ्यांच्या खणांच्या पेटीवर फिरतोय. आप्पांची नजर आमच्याकडे आहे, केसकडे नाही. कुठलं अक्षर कुठल्या घरात, हे बोटांना पाठ आहे. काना एका घरात, वेलांटी दुसऱ्या, रफार तिसऱ्या. मराठीच्या जुळाऱ्याला एकेका शब्दासाठी किती घरं हिंडावं लागायचं, ते इथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं. आप्पा ते उलटंच वाचतात, आणि चूक दिसली की चिमट्याने एकच खिळा उचलतात.

तुम्हाला हवं ते जुळवा, असं आम्ही त्यांना सांगितलं होतं. मथळा जुळवतील, नाहीतर स्वतःचं नाव, असं वाटलं होतं. त्यांनी हे जुळवलं :

‘हे साप्ताहिक मालक, मुद्रक, प्रकाशक यांनी धुळे येथे छापून तेथेच प्रसिद्ध केले.’

“आप्पा, हीच ओळ का?”

“बाकीचा अंक छापून झाला की मोडायचा, खिळे परत घरात टाकायचे. ही ओळ मोडायची नाही. दोऱ्याने बांधून फळीवर ठेवायची. पुढच्या अंकाला तीच लागते.”

(दृश्य : फळीवरची दोऱ्याने बांधलेली ओळ, जवळून.)

शेवटच्या पानावर, अगदी तळाशी, बारीक टायपातली ही ओळ आपल्यापैकी किती जणांनी कधी वाचली असेल? ती १८६७ च्या कायद्याने आली. छापणारा आपल्याला सापडावा, ही तेव्हाच्या सरकारची गरज होती. १ मार्च २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी नवा कायदा आला. पण या दीडशे वर्षांत त्या ओळीने सरकारपेक्षा वाचकाचंच काम जास्त केलं, असं आम्हाला वाटतं. बातमी खोटी निघाली, तर कोणत्या गावात, कोणाच्या दारात जाऊन विचारायचं, हे त्या ओळीत लिहिलेलं असायचं.

(दृश्य : राजवाडे संशोधन मंडळ. मोडी लिपीतले कागद.)

याच धुळ्यात ३१ डिसेंबर १९२६ रोजी इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गेले. त्यांच्या नावाचं हे मंडळ. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड त्यांनी प्रसिद्ध केले, ते गावोगावची दप्तरं धुंडाळून. कागद अस्सल की नक्कल, कोणाच्या घरात सापडला, कोणी कोणाला लिहिला, हे बघितल्याशिवाय त्यांच्या लेखी इतिहास सुरू होत नसे. कॅमेरा या कागदांवर आम्ही जरा जास्तच वेळ ठेवला आहे. पुढे भेटणारा मुलगा तेच काम मोबाइलवर करतो, म्हणून.

(दृश्य : जळगाव जिल्ह्यातला यावल तालुका. केळीची बाग. घडांच्या मागे तिपाईवर मोबाइल.)

हा इथल्याच एका गावचा तरुण. बातम्यांचा ब्लॉग चालवतो, सोबत यूट्यूब चॅनेल. अर्ध्या बातम्या मराठीत, अर्ध्या अहिराणीत. वार्ताहर तोच, उपसंपादक तोच, मुद्रितशोधक तोच आणि संपादकही तोच. दैनिकात एका बातमीवरून तीन-चार जणांची नजर फिरते. इथे एकाच माणसाने आपल्याच मजकुराकडे चार वेळा परक्यासारखं बघायचं असतं. ते कसं करतात, हे आम्हाला त्याच्याकडून नीट समजून घ्यायचं होतं.

पावसाळ्यातली एक दुपार. (दृश्य : हतनूर धरण, दरवाज्यांतून उसळणारं पाणी.) त्याच्या मोबाइलवर एक व्हिडिओ येतो : हतनूरचे सगळे, म्हणजे ४१ दरवाजे उघडले, तापीकाठच्यांनी घरं सोडावीत. जळगावात त्या दिवशी पाऊस नाही. पण त्यावरून व्हिडिओ खोटा ठरत नाही. तापी मध्य प्रदेशातल्या मुलताईहून येते, पूर्णा विदर्भातून. आपल्या डोक्यावर कोरडं आभाळ असताना वरच्या पाण्याने हतनूर भरतं, हे काठावरच्या प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हणूनच असा व्हिडिओ लगेच खरा वाटतो.

तो आधी पाठवणाऱ्याला फोन लावतो. पहिला प्रश्न अहिराणीत : “खबर कथाईन उनी, भाऊ?” म्हणजे, बातमी कुठून आली? पाठवणाऱ्याला दुसऱ्याने पाठवलेला असतो, दुसऱ्याला तिसऱ्याने. तिसरा निघतो सुरतेत कामाला गेलेला पाहुणा. व्हिडिओ कधीचा, ते त्यालाही माहीत नाही. मग तो व्हिडिओ थांबवून बघतो. किती दरवाज्यांतून पाणी पडतंय, ते मोजतो. काठावरच्या माणसांच्या अंगावर स्वेटर दिसतात. मग धरणाच्या पूरनियंत्रण कक्षाला फोन : दरवाजे किती, पूर्ण की मीटरभर, विसर्ग किती क्युसेक? उत्तर वहीत लिहितो, शेजारी वेळ टाकतो. शेवटी मोटरसायकल काढून स्वतः घाटावर जातो आणि पायरीवरचं पाणी बघतो.

(दृश्य : घाट. पाण्याबाहेर उघड्या पायऱ्या.)

या सगळ्यात पन्नास मिनिटं गेली. तेवढ्यात इतर दोघा-तिघांनी तोच व्हिडिओ टाकून दिला होता. त्याने तीन ओळी टाकल्या : व्हिडिओ जुना आहे, आत्ता एवढे दरवाजे उघडे आहेत, ही माहिती अमुक वाजता धरणावरून घेतली. तिसरी ओळ आम्हाला सगळ्यात मोलाची वाटते. अनेक छापील बातम्यांतही ती सापडत नाही.

(दृश्य : साक्री तालुक्यातला डोंगराळ रस्ता. आठवडी बाजार.)

हा रस्ता राईनपाड्याकडे जातो. १ जुलै २०१८, रविवार, बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, अशा अफवा मोबाइलवरून पसरल्या होत्या. सोलापूर जिल्ह्यातून आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारलं. त्या मजकुराखाली कोणाचंही नाव नव्हतं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतातल्या वृत्तपत्रांत पानभर जाहिराती देऊन अफवा कशा ओळखाव्यात ते सांगितलं, आणि एका वेळी पाचच ठिकाणी मजकूर पुढे पाठवण्याची मर्यादा आणली.

(दृश्य : रिकामा बाजार. निवेदन नाही.)

मग छापील तेवढं सारं शुद्ध, असं म्हणायचं का? तसं आम्ही म्हणणार नाही. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या तीन मराठी दैनिकांत एका नेत्याची स्तुती शब्दशः सारखी छापून आली. पत्रकार पी. साईनाथ यांनी ते उघड केलं. तळाची ओळ तिन्हीकडे होती, नोंदणी क्रमांक होते, संपादकांची नावं होती. त्यानंतर पेड न्यूजबद्दल, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांबद्दल, प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने अहवाल लिहिला. प्रेस कौन्सिल ताकीद देते, समज देते, निषेध नोंदवते. दंड करत नाही. आणि तिचं क्षेत्र वृत्तपत्रं आणि वृत्तसंस्थांपुरतं आहे.

तालुक्याच्या वार्ताहराची अडचण वेगळी. मानधन नावापुरतं, बातमीसोबत जाहिरातीही त्यानेच आणायच्या. ज्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाची पुरवणी काढायची, त्याच्याच रस्त्यावरचे खड्डे कसे छापायचे? ब्लॉगवाल्याला ते ओझं नाही. हे त्याचं बळ, आणि आम्ही त्याच्या बाजूने उभे आहोत ते यासाठी. पैसे घेऊन केलेल्या पोस्टवर तसं लिहिलंच पाहिजे, हे जाहिरात मानक परिषदेने जून २०२१ पासून सांगितलं आहे. यावलचा हा तरुण ठिबकच्या दुकानाचा व्हिडिओ टाकतो, तेव्हा पहिल्याच चौकटीत ‘जाहिरात’ लिहितो. बघा, अक्षर बारीक नाही.

डिजिटल बातम्यांसाठी केंद्र सरकारने २५ फेब्रुवारी २०२१ रोजी नियम काढले. तक्रार ऐकायला अधिकारी नेमा, पंधरा दिवसांत निकाल द्या. त्यातल्या आचारसंहितेच्या सक्तीला मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये अंतरिम स्थगिती दिली. याचिका करणाऱ्यांत पत्रकार निखिल वागळे होते. ही स्थगिती आम्हाला योग्य वाटते. सरकारने हात धरून शिकवलेली सचोटी उद्या सरकारच्याच सोयीची होते. ती ब्लॉगवाल्याने आपणहून पाळावी.

(दृश्य : लॅपटॉपचा पडदा. पानाच्या सर्वांत वर पिवळी चौकट : ‘दुरुस्ती’.)

ही चौकट त्याची स्वतःची. एका व्यापाऱ्याने शेतकऱ्यांचे केळीचे पैसे बुडवले, अशी बातमी त्याने व्यापाऱ्याची बाजू न विचारता टाकली होती. पैसे थकले होते, पण ते दुसऱ्याच व्यापाऱ्याकडे. आडनाव तेवढं सारखं. दुसऱ्या दिवशी ते कळलं. जुना मजकूर त्याने पुसला नाही. त्यावर रेघ मारली, खाली काय चुकलं आणि कसं चुकलं ते लिहिलं, आणि बातमी जिथे होती तिथेच, वर, महिनाभर ठेवलं. ज्यांनी ती पुढे पाठवली होती, त्यांना एकेकाला दुरुस्ती पाठवली. तीन दिवस तेच करत बसला. ज्याचं नाव चुकून आलं, त्या व्यापाऱ्याला तो हंगाम कोणी माल दिला नाही.

(दृश्य : व्यापाऱ्याचं बंद गोदाम. वजनकाटा.)

शेवटचं चित्रीकरण पुन्हा धुळ्याला. यावलहून या तरुणाला आम्ही छापखान्यात घेऊन आलो. आप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि त्याचा मोबाइल डोळ्यांजवळ धरून ब्लॉग थेट तळापर्यंत सरकवत नेला. तिथे नाव होतं, ईमेल होता.

“पत्ता कुठाय?”

तो गप्प राहिला. मग म्हणाला, “आप्पा, तुमच्या मागे छापखाना होता. माझ्या मागे घरी आई एकटी असते.”

त्याचं म्हणणं खरं आहे. पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राच्या विधिमंडळाने २०१७ मध्ये कायदा मंजूर केला, पण त्यात प्रसारमाध्यम म्हणजे संस्था. एकट्याने ब्लॉग चालवणारा त्यात बसतो का, हे त्याला कोणी सांगू शकलेलं नाही. तो उत्तरदायी राहावा असं वाटत असेल, तर त्याचं संरक्षणही लिहून द्यावं लागेल. ही मागणी आम्ही या चित्रफितीतून उघडपणे करतो आहोत.

आप्पा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग स्टिक उचलली.

“गाव आणि तालुका टाकू. घर नको. शोधणारा बाजारात विचारत येईल, चार माणसांदेखत येईल. चालेल?”

“चालेल, आप्पा.”

(दृश्य : केसमधून उचलले जाणारे खिळे. एक-एक. या, व, ल.)