अँड्र्यू हिल ऐकताना बासचा धागा धरा

श्रोतेहो, नमस्कार. आज ऐकायचा आहे तो जॅझ पियानोवादक आणि रचनाकार अँड्र्यू हिल यांचा ‘पॉइंट ऑफ डिपार्चर’ हा अल्बम. ब्लू नोट कंपनीसाठी 21 मार्च 1964 रोजी, न्यू जर्सीत रूडी व्हॅन गेल्डर यांच्या स्टुडिओत तो एका दिवसात मुद्रित झाला. पाच रचना, पाचही हिल यांच्याच. सगळं मिळून चाळीसेक मिनिटं.

वादक सहा. हिल पियानोवर, केनी डॉरहॅम ट्रम्पेटवर, जो हेंडरसन टेनर सॅक्सोफोनवर. एरिक डॉल्फी आल्टो सॅक्सोफोन, बासरी आणि बास क्लॅरिनेट अशी तीन वाद्यं हाताळतात. रिचर्ड डेव्हिस डबल बासवर, म्हणजे खर्जात वाजणाऱ्या मोठ्या तंतुवाद्यावर, आणि ड्रम्सवर टोनी विल्यम्स, वय अवघं 18.

पहिल्यांदा ऐकताना बहुतेकांचा घोटाळा होतो तो लयीपाशी. आपला कान समेची वाट पाहत बसतो आणि विल्यम्स ती ठळक करून दाखवत नाहीत. त्यांच्या झांजेवर लय वाहती असते, जोर मात्र अनपेक्षित जागी पडतो. अशा वेळी ड्रम्स सोडा आणि डेव्हिस यांचा बास धरा. ते काही वेळ सरळ चालीत, म्हणजे दर मात्रेला एक स्वर असं, वाजवतात, मधेच चाल मोडून सोलो वाजवणाऱ्याला उत्तर देतात, पुन्हा चालीवर येतात. हा धागा हाती लागला की सगळी रचना बांधीव वाटू लागते.

म्हणूनच हा अल्बम मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. डबल बासची सर्वांत खालची तार 41 हर्ट्झच्या आसपास वाजते. छोट्या स्पीकरमधून तो मूळ स्वर निघतच नाही. आधारच नाहीसा झाला, तर उरतो तो नुसता सुषिर वाद्यांचा कल्लोळ. साधा पण बरा हेडफोन पुरतो.

सुरुवात ‘रेफ्यूज’पासून करा. बारा मिनिटांची ही रचना दोनदा ऐका: एकदा फक्त बास, एकदा फक्त पियानो. सोलो चालू असताना हिल मागून तुटक, तिरपे स्वरसमूह टाकत राहतात. माझ्या मते अल्बमचं खरं मर्म त्यांच्या या साथीत आहे, सोलोपेक्षाही जास्त. ‘स्पेक्ट्रम’ सर्वांत अवघड. तिच्यात भाव आणि लय बदलत जातात, पाच मात्रांचा भागही येतो. ती शेवटी ठेवा. ‘फ्लाइट 19’ चार मिनिटांत संपते.

‘डेडिकेशन’ संथ आहे. तिच्यात डॉल्फींचा बास क्लॅरिनेट ऐका: खालचा स्वर जाड, लाकडी, वर चढला की माणसाच्या गळ्यासारखा. या मुद्रणानंतर जेमतेम तीन महिन्यांनी, 29 जूनला, बर्लिनमध्ये डॉल्फी गेले.

नंतरच्या सीडीवर ‘न्यू मोनॅस्टरी’, ‘फ्लाइट 19’ आणि ‘डेडिकेशन’ यांचे पर्यायी टेकही, म्हणजे त्याच रचना पुन्हा वाजवून केलेली मुद्रणंही, आहेत. मूळ टेकनंतर लगेच पर्यायी टेक लावा. जे दोन्हींत तसंच येतं ते बहुधा हिल यांनी लिहिलेलं, जे बदलतं ते त्या क्षणी सुचलेलं.