आतून बाहेर काय जातं?

(रत्नागिरीतल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, इथल्या बऱ्याच लॅपटॉपवर आंब्याच्या गिऱ्हाइकांची यादी असेल, नाहीतर होमस्टेला उतरलेल्या पाहुण्यांच्या आधारकार्डांचे फोटो. फायरवॉलचं, म्हणजे लॅपटॉप आणि नेट यांच्यातली ये-जा अडवणाऱ्या पहारेकऱ्याचं, विचारलं की उत्तर येतं, "ऑनलाइन पोर्ट स्कॅन केला, म्हणजे लॅपटॉपची दारं बाहेरून ठोठावून बघितली, सगळं हिरवं आलं." या हिरव्या रंगाचा मला मनापासून राग आहे. तो स्कॅन फक्त बाहेरून आत येणाऱ्या जोडण्या तपासतो. त्यातही तो बहुधा लॅपटॉपपर्यंत पोचतच नाही, राउटरवरच अडतो. पावसाळ्यात लाइन गेली की आपण मोबाइलचा हॉटस्पॉट लावतो. तेव्हा तर तो स्कॅन मोबाइल कंपनीच्या गेटवेवरूनच, म्हणजे तिच्या वेशीवरूनच, परततो. पडवीला कडी घातली म्हणून मागीलदार बंद होत नाही! विंडोजच्या फायरवॉलला बाहेर जाणारं अडवायची सोय व्हिस्टा या जुन्या विंडोजपासून आहे, पण ती वाट मुळात मोकळी सोडलेली असते. विंडोज 11 मध्येसुद्धा.

हे दुखणं जुनं आहे. स्टीव्ह गिब्सन यांचा 'लीकटेस्ट' हा फायरवॉलमधून माहिती बाहेर गळते का ते बघणारा प्रोग्राम. त्याचं नाव बदलून त्याला ओळखीच्या प्रोग्रामचं नाव दिलं, की केवळ नाव बघणाऱ्या फायरवॉल त्याला सोडायच्या. 2001 मध्ये बॉब संडलिंग यांच्या 'टूलीकी' या तशाच चाचणी-प्रोग्रामने स्वतः नेटला हातच लावला नाही. त्याने इंटरनेट एक्सप्लोरर लपलेल्या खिडकीत उघडला आणि माहिती वेबसाइटच्या पत्त्यातच जोडून पाठवली. ब्राउझरला परवानगी होतीच.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलंय, तेव्हा आपली फायरवॉल बाहेर जाणारं खरंच अडवते का, ते बघायची कबूल केलेली चाचणी भराभर सांगतो.

खरी यादी वापरू नका. 'hapus4471' असा खोटा शब्द घ्या. दुसऱ्या लॅपटॉपवर पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतला छोटा वेब सर्व्हर 8000 पोर्टवर, म्हणजे 8000 नंबरच्या दारावर, लावा. आधी काहीही न अडवता, कमांडवरून वेबपत्ता उघडणाऱ्या कर्ल या प्रोग्रामने तो शब्द त्या सर्व्हरच्या पत्त्यात जोडून पाठवा आणि सर्व्हरच्या खिडकीत दिसतो ना, ते बघा. ही पायरी गाळलीत, तर पुढे निरोप कोणी अडवला तेच कळणार नाही. त्या दुसऱ्या लॅपटॉपचीच फायरवॉल आड आलेली असू शकते.

मग पहिल्या लॅपटॉपवर विंडोज फायरवॉलच्या प्रगत सेटिंगमध्ये जाऊन 'एक्स्पोर्ट पॉलिसी'ने जुने नियम जपून ठेवा आणि आउटबाउंड, म्हणजे बाहेर जाणारं, 'ब्लॉक' करा, डोमेन, प्रायव्हेट आणि पब्लिक या तिन्ही प्रोफाइलमध्ये. अनेकजण फक्त प्रायव्हेट बदलतात आणि हॉटस्पॉट पब्लिकमध्ये असतो. आता कर्ल अडायला हवा. मग एका फोल्डरमधल्या प्रोग्रामला परवानगी द्या, तो काढून त्याच नावाने कर्लची प्रत तिथे ठेवा. साधा नियम फक्त फाइलचा मार्ग बघतो, म्हणून निरोप जातो. पुढे ब्राउझरला परवानगी देऊन तोच पत्ता कमांडवरून हेडलेस, म्हणजे बिनखिडकीचा, उघडा. खिडकी दिसत नाही, शब्द पोचतो.

शेवटची चाचणी डीएनएसची, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा नंबर शोधणाऱ्या सेवेची. त्यासाठी नेटवरून काय जातंय ते दाखवणारा वायरशार्क लावा. एनएसलुकअप ही नाव शोधणारी कमांड स्वतः प्रश्न पाठवते, म्हणून अडते. पण शब्द साइटच्या नावाच्या आधी ठिपका देऊन जोडा आणि त्या नावाला पिंग करा, म्हणजे ते जागं आहे का विचारणारी कमांड द्या: पिंग अडला तरी नावाची चौकशी विंडोजची डीएनएस सेवा करते, आणि तिला आधीपासून परवानगी असते. नावातल्या ठिपक्यांमधल्या एका तुकड्यात 63 अक्षरं मावतात. मोबाइल नंबराला दहा पुरतात. त्या सेवेला परवानगी देणारा नियम बंद केलात तर साइटच उघडणार नाहीत. म्हणून राउटरवर संशयास्पद नावं गाळणारा डीएनएस लावा, आणि त्याच्या नोंदींमध्ये लांबलचक, अर्थहीन नावं दिसली तर ती कुठला प्रोग्राम विचारतोय ते शोधा. काम झालं की जपलेली पॉलिसी 'इम्पोर्ट' करा. 'रिस्टोअर डिफॉल्ट' दाबलंत तर तुमचे स्वतःचे नियमही जातील.