एक सोनाटा, तीन पियानो: पाउल बाडुरा-स्कोडा

पडद्यावर दिसणारा हा पियानो पहिल्या नजरेत एखाद्या नाजूक मेजासारखा वाटतो. आपल्या सवयीच्या पांढऱ्या पट्ट्या येथे काळ्या आहेत आणि काळ्या पट्ट्या पांढऱ्या. पट्ट्या एकूण 61, म्हणजे जेमतेम पाच सप्तके. सगळा सांगाडा लाकडी आहे, त्यात लोखंडी चौकट नाही, आणि खाली पाहिले तर पायाने दाबण्याचे पेडलही दिसत नाही. व्हिएन्नाचा कारागीर आंटोन वाल्टर याने घडवलेला हा पियानो मोझार्टच्या मालकीचा होता आणि आज तो साल्झबुर्ग येथे जतन केलेला आहे. 1785 साली मोझार्टचे वडील मुलाकडे राहायला आले असताना त्यांनी घरी पाठवलेल्या पत्रात लिहिले होते, की मी आल्यापासून हा पियानो किमान 12 वेळा उचलून नाट्यगृहात किंवा दुसऱ्या कुणाच्या घरी नेण्यात आला आहे. आजच्या मैफलीतला मोठा पियानो जवळजवळ 500 किलो वजनाचा असतो. तो असा घरोघरी हिंडू शकत नाही.

मोझार्टची रचना यांपैकी कोणत्या पियानोवर वाजवावी, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या मध्यावर फारच थोड्या वादकांना पडत होता. ज्यांना तो पडला आणि ज्यांनी त्याचे उत्तर आयुष्यभर बोटांनी शोधले, त्यांत पाउल बाडुरा-स्कोडा यांचे नाव अग्रभागी आहे.

त्यांचा जन्म 6 ऑक्टोबर 1927 रोजी व्हिएन्नात झाला. युद्ध संपले तेव्हा ते अठराव्या वर्षात होते. उद्ध्वस्त शहरातील संगीतशाळेत ते पियानो आणि वाद्यवृंद-संचालन असे दोन्ही विषय शिकले. 1947 साली त्यांनी ऑस्ट्रियाची राष्ट्रीय संगीतस्पर्धा जिंकली आणि त्यातून त्यांना स्वित्झर्लंडमधील ल्युसर्न येथे एडविन फिशर यांच्यापाशी शिकण्याची संधी मिळाली. फिशर हे केवळ थोर वादक नव्हते. बाख आणि मोझार्ट यांच्या कॉन्चेर्टोंचे, म्हणजे एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचनांचे, संचालन पियानोपाशी बसूनच करण्याची जुनी रीत त्यांनी पुन्हा रूढ केली होती. तीच रीत शिष्यानेही पुढे चालवली. 1949 साली फुर्टव्हेंगलर आणि कारायान या त्या काळच्या दोन सर्वांत मोठ्या संचालकांबरोबर बाडुरा-स्कोडा यांनी वादन केले आणि नाव झाले. पुढच्या घडामोडींना नशिबाचीही साथ होती. त्याच सुमारास दीर्घकाळ वाजणारी ध्वनिमुद्रिका बाजारात आली, एका अमेरिकी कंपनीने व्हिएन्नात मुद्रणांचा सपाटा लावला, आणि 1953 साली ते न्यूयॉर्कला प्रथम वाजवायला गेले तेव्हा तिथल्या रसिकांना त्यांचे वादन ध्वनिमुद्रिकांमुळे आधीच परिचयाचे झालेले होते.

एवढ्यावर एखाद्याची कारकीर्द सुखाने पार पडली असती. परंतु 1951 साली त्यांचा विवाह संगीतशास्त्राच्या अभ्यासक एवा यांच्याशी झाला, आणि या घरात वादन व संशोधन या दोन गोष्टी वेगळ्या राहिल्याच नाहीत. मोझार्टच्या पियानोवादनाविषयी दोघांनी मिळून लिहिलेला ग्रंथ 1957 साली प्रसिद्ध झाला. जुनी हस्तलिखिते, जुन्या आवृत्त्या आणि जुनी वाद्ये यांची त्यात सारखीच दखल घेतलेली होती. दरम्यान बाडुरा-स्कोडा जुने पियानो जमवू लागले होते. हा संग्रह हौसेखातर केलेला शोभेचा संग्रह नव्हता. त्यातली वाद्ये दुरुस्त होत, सुरात लावली जात आणि त्यांवर ध्वनिमुद्रणे होत.

या वाद्यांतून काय उमगते, हे एका उदाहरणावरून पाहता येईल. बीथोव्हनचा ‘मूनलाइट’ या नावाने ओळखला जाणारा सोनाटा, म्हणजे पियानोसाठीची अनेक भागांची रचना, 1801 सालचा आहे. त्याच्या पहिल्या भागाच्या आरंभी संगीतकाराची सूचना आहे, की हा संपूर्ण भाग अत्यंत हळुवारपणे आणि डॅम्परविना वाजवावा. डॅम्पर म्हणजे तारांवर टेकून त्यांचा नाद थांबवणाऱ्या छोट्या गाद्या. त्या वर उचललेल्या ठेवल्या की प्रत्येक सूर आपोआप विरेपर्यंत वाजत राहतो. आजच्या पियानोत तारांचा एकूण ताण सुमारे 20 टन असतो आणि तो पेलण्यासाठी ओतीव लोखंडाची चौकट लागते; त्यामुळे नाद इतका लांबतो, की ही सूचना अक्षरशः पाळली तर काही क्षणांत सगळे सूर एकमेकांत कालवले जातात. म्हणून बीथोव्हनला असे म्हणायचे नसेलच, अशी सोयीची समजूत करून घेणे सोपे असते. व्हिएन्नाच्या जुन्या पियानोत मात्र तारा बारीक असतात, हातोड्यांवर जाड नमद्याऐवजी चामड्याचे पातळ आवरण असते आणि सूर उमटताक्षणीच उतरणीला लागतो. तिथे तीच सूचना पाळल्यावर मागच्या सुरांची फक्त एक धूसर आभा पुढच्या सुरांभोवती उरते. डॅम्पर उचलण्याची सोय वाल्टरच्या पियानोत पट्ट्यांच्या खालच्या अंगाला असे आणि ती गुडघ्याने चालवत. पायपेटी पाहिलेल्या आपल्याला यात फारसे नवल वाटू नये, तरी पाय जमिनीवर आणि गुडघा कामाला, ही कसरत अंगवळणी पडायला वेळ लागतो.

प्राचीन वाद्यांच्या पुरस्कर्त्यांत एक कडवेपणा पुष्कळदा आढळतो: जुने तेवढे अस्सल, नवे सारे विपर्यस्त. बाडुरा-स्कोडा त्या वाटेला गेले नाहीत, आणि मला त्यांचे सर्वांत मोठेपण इथेच वाटते. मोझार्ट, बीथोव्हन आणि शूबर्ट या तिघांचेही सर्व पियानो सोनाटे त्यांनी आधुनिक पियानोवरही मुद्रित केले आणि त्या त्या काळच्या वाद्यांवरही. यॉर्ग डेमुस या समवयस्क मित्राबरोबर त्यांनी वर्षानुवर्षे चार हातांच्या रचना वाजवल्या. बाखच्या वादनावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. फ्रँक मार्तां या स्विस संगीतकाराने तर आपला दुसरा पियानो कॉन्चेर्टो त्यांच्यासाठीच रचला. अध्यापन आणि परदेश-दौरे अखेरपर्यंत चालू होते.

शूबर्टने अर्धवट सोडलेले अनेक सोनाटेही त्यांनी संपादित केले आणि जिथे कागद कोरा होता तिथला मजकूर स्वतः रचून पूर्ण केला. शूबर्टचा हात कुठे थांबला आणि संपादकाचा कुठे सुरू झाला, हे छापील प्रतीत उघड सांगितलेले असे. ही बाब लक्षात ठेवायला हवी, कारण 1993 साली याच विषयात त्यांची फसगत झाली. मोझार्टचा ज्येष्ठ समकालीन संगीतकार हायडन याने स्वतः ठेवलेल्या सूचीत काही हरवलेल्या सोनाटांच्या फक्त सुरुवातीच्या ओळी नोंदलेल्या होत्या. त्यांतल्या सहा सोनाटांच्या हस्तलिखिताची छायाप्रत जर्मनीतील एका संगीतकाराकडून बाडुरा-स्कोडा यांच्या हाती आली. त्यांनी त्या वाजवून पाहिल्या आणि त्या हायडनच्याच आहेत अशी त्यांची खात्री पटली; एवा यांचेही मत तेच पडले, हायडनचे जगन्मान्य अभ्यासक रॉबिन्स लँडन यांनी दुजोरा दिला आणि डिसेंबरमध्ये या शोधाची जाहीर घोषणा झाली. कोलोन येथील हायडन संस्थेने मात्र हस्तलिखित बनावट असल्याचा निर्वाळा दिला. सूचीतल्या त्या ओळींवरून उरलेले सारे संगीत विसाव्या शतकात कुणीतरी रचले होते. थट्टा झाली, आणि ती होणारच होती. पण अर्धवट सोनाटे पूर्ण करण्यात हयात घालवलेल्या माणसाच्या कानाला त्या रचनांमध्ये एक उत्तम कारागीर ऐकू आला असेल, तर त्याचे कान चुकले असे तरी कसे म्हणावे? कारागीर होताच, फक्त त्याने स्वतःचे नाव सांगितले नव्हते.

25 सप्टेंबर 2019 रोजी, वयाच्या 91व्या वर्षी, व्हिएन्नातच त्यांचे निधन झाले. नव्वदी गाठल्यावरही ते मैफली करीत होते.

त्याआधी काही वर्षे त्यांनी एक विलक्षण ध्वनिमुद्रण केले होते. शूबर्टचा शेवटचा सोनाटा, मृत्यूपूर्वी दोनच महिने, सप्टेंबर 1828 मध्ये पूर्ण झालेला, त्यांनी तीन पियानोंवर तीनदा वाजवला: शूबर्टच्या काळातला कॉनराड ग्राफचा पियानो, आणि व्हिएन्नाचा ब्योझेनडॉर्फर व स्टाइनवे हे दोन आधुनिक पियानो. या सोनाटाचा आरंभ अतिशय शांत आहे. प्रार्थनेसारखी चाल पहिले वाक्य संपवते, आणि मग अगदी खालच्या सप्तकात दोन सुरांची हलकी थरथर ऐकू येते. मोठ्या आधुनिक पियानोंवर ती दूरवरच्या गडगडाटासारखी पसरते. ग्राफच्या पियानोवर खर्जाच्या तारा किंचित खरखरतात, दोन्ही सूर सुटे ऐकू येतात आणि ती थरथर खोलीतच, जवळच कुठेतरी होते आहे असे वाटते. आता ती तिन्ही वाद्यांवर, एकापाठोपाठ एक, ऐकावी.