सायकलची शर्यत किकबॉक्सिंगच्या रिंगमध्ये कशी पोचली?

(थेट कॅमेऱ्याकडे बघून)

‘जो जीता वही सिकंदर’ची शेवटची शर्यत आठवा. आमिर खान आणि दीपक तिजोरी जिवाच्या आकांताने पॅडल मारतायत आणि मधेच काय होतं? दोघं रस्त्यावर पडतात, सायकली बाजूला राहतात आणि चक्क हाणामारी सुरू. बाकीचे सायकलवाले शेजारून निघून जातायत आणि हे दोघं एकमेकांची कॉलर धरून बसलेत!

लहानपणी मला वाटायचं, अरे बाबांनो, मारामारी नंतर करा, आधी सायकल उचला. पण दिग्दर्शक मन्सूर खान यांची अडचण लक्षात घ्या. ज्याच्या टोळीमुळे आपला भाऊ दरीत पडला, त्याला फक्त दोन फूट मागे टाकून प्रेक्षकाचं समाधान होतं का? नाही होत. एक तरी सणसणीत बसायला हवी. म्हणून शर्यत थांबवून मारामारी घालावी लागली.

नमस्कार मंडळी. आजचा विषय आहे ‘बद्री’, २००१चा तमिळ सिनेमा, आणि हिरो विजय. तोच, ज्याने २०२४मध्ये स्वतःचा पक्ष काढला. मग सुरुवात आमिरपासून कशाला? कारण ‘बद्री’ हा १९९९च्या ‘तम्मुडु’ या तेलुगू सिनेमाचा रिमेक. आणि ‘तम्मुडु’ची गोष्ट आली १९९२च्या ‘जो जीता’मधून. डेहराडूनची सायकल हैदराबादमार्गे चेन्नईला पोचली, आणि वाटेत कुणीतरी तिची चाकं काढून हातात ग्लोव्ह्ज घातले.

ती ‘कुणीतरी’ व्यक्ती म्हणजे दिग्दर्शक पी. ए. अरुण प्रसाद. ‘तम्मुडु’ पवन कल्याणला घेऊन त्यांनीच केला, ‘बद्री’ही त्यांचाच.

(बोटं मोजत)

गोष्ट दोन वाक्यांत सांगतो. पुढे शेवटही सांगणार आहे, ज्यांना नकोय त्यांनी आवाज बंद करा. धाकटा उनाड, वडिलांच्या लेखी वाया गेलेला; थोरला गुणी, किकबॉक्सिंगच्या स्पर्धेची तयारी करणारा. शत्रूपक्ष थोरल्याला बेदम मारतो, तो अंथरुणाला खिळतो, आणि धाकटा त्याच्या जागी रिंगमध्ये उतरतो.

थोरल्या भावाचं नाव आहे वेट्री. तमिळमध्ये वेट्री म्हणजे विजय. आणि विजय स्वतः करतोय धाकट्याचं काम! त्याच्या पक्षाचं नावही ‘तमिळगा वेट्री कळघम’. शब्द काही त्याची पाठ सोडत नाही.

असो. मुद्दा हा की खेळ बदलला आणि मन्सूर खान यांची अडचणच संपली. सायकलच्या शर्यतीत शत्रू तुमच्या शेजारी असतो, नाहीतर पाठीमागे. किकबॉक्सिंगमध्ये तो समोर उभा असतो, हाताच्या अंतरावर. बदला घ्यायला खेळ थांबवावा लागत नाही, खेळाच्या नियमांतच तो बसतो. वर पंचही उभा. भावाला मारणाऱ्याला तुम्ही मारताय आणि समोरचे लोक टाळ्या वाजवतायत! मसाला सिनेमा लिहिणाऱ्याला आणखी काय हवं?

पण या अदलाबदलीत काहीतरी गेलंही. ‘जो जीता’मध्ये संजूचा, म्हणजे आमिरचा, दम कळत कळत येतो. चढावर श्वास लागतो, पाय भरून येतात. सुधारणा दिसते ती हळूहळू. ‘बद्री’त ती एका गाण्यात उरकली आहे. ‘ट्रॅव्हलिंग सोल्जर’, रमणा गोगुला यांचं. हे इंग्रजी गाणं ‘तम्मुडु’तही होतं, तेच इकडे आणलं. गाणं सुरू होतं तेव्हा पोरगा उनाड, संपतं तेव्हा योद्धा. मधे हिरोच्या हातांवरून गाड्या जातात. बघताना अंगावर काटा येतो, मान्य. पण मला सांगा, गाडी हातावरून जाऊ देऊन किकबॉक्सिंगमध्ये नक्की काय सुधारतं?

(उभं राहून, पाय कॅमेऱ्यात दिसेल असा)

हा बघा माझा पाय. शास्त्र दाखवतोय, हसू नका. मांडीवर लाथ मारताना फटका बसतो तो या हाडाने, नडगीने. पावलाने मारलीत तर पाऊल आधी सुजेल. आणि समोरून अशी लाथ आली की अनुभवी खेळाडू गुडघा वर घेतो, म्हणजे ती मांडीच्या मांसावर न बसता नडगीवर येते. हाडावर हाड. हे शिकायला महिनोन्‌महिने बॅगवर लाथा घालाव्या लागतात, पोटरीपासून कमरेपर्यंत सगळं वळवावं लागतं. पडद्यावर दिसायला भलतंच कंटाळवाणं. म्हणून मग गाडी.

आणि किकबॉक्सिंग म्हणजे एकच खेळ नाही. १९६०च्या दशकात जपानमध्ये कराटे आणि थायलंडची मुय थाय यांच्या मिश्रणातून तो उभा राहिला, ओसामु नोगुची नावाच्या प्रमोटरने त्याला हे नाव दिलं. अमेरिकेत ७०च्या दशकात वेगळी वाट, फुल कॉन्टॅक्ट कराटेची. म्हणून आजही प्रकार निराळे. फुल कॉन्टॅक्टमध्ये लाथ कमरेच्या वरच मारायची. लो किकमध्ये मांडीही चालते. के-वनमध्ये गुडघाही. हौशी स्पर्धांत दोन-दोन मिनिटांचे तीन राउंड. म्हणजे एकूण सहा मिनिटं! आपले हिरो नुसता मार खाण्यात त्याहून जास्त वेळ घालवतात.

या सगळ्यात मला खरा रस आहे तो एका माणसात. शिहान हुसैनी, चेन्नईचे कराटे शिक्षक. के. बालचंदर यांच्या १९८६च्या ‘पुन्नगै मन्नन’मधून ते पडद्यावर आले. ‘बद्री’त विजयला शिकवणारा गुरू दिसतो ना, ते हेच. आणि पवन कल्याणही त्यांच्याकडेच कराटे शिकला होता. म्हणजे ‘तम्मुडु’चा हिरो आणि ‘बद्री’चा हिरो, एकाच तालमीतले! मार्च २०२५मध्ये हुसैनी रक्ताच्या कर्करोगाने गेले. तोवर पवन कल्याण आंध्र प्रदेशचा उपमुख्यमंत्री झाला होता.

बरं, दक्षिणेची किकबॉक्सिंगची हौस इथे संपली नाही. त्याच ‘तम्मुडु’चा पुरी जगन्नाथने शिवराजकुमारला घेऊन कन्नडमध्ये ‘युवराजा’ केला. मग २००३मध्ये त्यानेच तेलुगूत आणखी एका किकबॉक्सरची गोष्ट केली, आणि ती २००४ला तमिळमध्ये ‘एम. कुमारन सन ऑफ महालक्ष्मी’ झाली, जयम रवीची. त्यावर स्वतंत्र व्हिडिओ लागेल, कारण तिथे भाऊ नाही, आई आहे.

आता एक गंमत सांगतो. इतक्या सिनेमांत हिरो किकबॉक्सर, पण खरी किकबॉक्सर तमिळ पडद्यावर आली ती २०१६मध्ये. आपल्या मुंबईची रितिका सिंग. वडिलांकडे शिकलेली, २००९च्या आशियाई इनडोअर स्पर्धेत भारताकडून खेळलेली. सिनेमा सुधा कोंगरा यांचा ‘इरुधि सुट्रु’, समोर माधवन. राष्ट्रीय पुरस्कारांत तिचा खास उल्लेखही झाला.

आणि तिला भूमिका कुठली दिली? बॉक्सरची. जिथे लाथ मारली की फाउल.