गोटी सोड्याचे मामा आणि बियरचं पिंप

(अजिंक्यताऱ्यावर नुकतं उजाडलंय. खाली पेठेतल्या एका घराची पडवी.)

सकाळचे सहा वाजलेत, साताऱ्यात अजून गारवा आहे, आणि मामा आल्याचं पोतं सोडून बसलेत, आल्याचा सोडा करायचाय. कोरेगावकडचा माल आहे, कालच उतरलाय, माती अजून ओली आहे. एकेक कुडी हातात घेऊन मोडून बघायची, कडकन मोडली तर घ्यायची, वाकली तर बाजूला. हे काम ते दुसऱ्या कुणाला देत नाहीत.

त्यांच्या मागं भिंतीला टेकून जे तपकिरी पिंप उभं आहे ना, ते बघा. मामा त्याला पिंप म्हणतात, खरं नाव केग. बियरचा केग आहे तो, प्लॅस्टिकचा, वीस लिटरचा. ह्या घरात कधी दारू आलेली नाही, त्यामुळं पहिल्या दिवशी मामींनी तो उंबऱ्याच्या आत घेऊच दिला नव्हता, आठ दिवस तो बाहेर तुळशीच्या पलीकडं पडून होता.

(केग जवळून. तळाशी त्रिकोण, त्यात 1 आकडा.)

आता हा आला कुठून. माझा मावसभाऊ पुण्यात हॉटेलात कामाला आहे, तिथं बाहेरच्या देशातली बियर येते ती अशा केगमधनं, आणि रिकामा झाला की तो परत जात नाही. स्टीलचा केग परत जातो, धुतला जातो, पुन्हा भरतात, वर्षानुवर्षं चालतो. पण स्टीलचा पन्नास लिटरवाला नुसता रिकामाच दहा किलोच्या वर भरतो, तो बोटीत घालून युरोपात परत पाठवायचा म्हणजे भाड्यातच सगळं जातं. म्हणून हे पेटचे केग निघाले. पेट म्हणजे आपल्या पाण्याच्या बाटलीचं प्लॅस्टिक, तेच, फक्त जाड. रिकामा केग किलो दीड किलोचा, लहान पोरगं पण उचलेल. एकदा भरायचा, एकदा ओतायचा, मग रिसायकलला. प्रत्यक्षात तो हॉटेलच्या मागच्या बाजूला ढिगात पडतो, मग भंगारवाला नेतो. भाऊ तिथनं दोन घेऊन आला, कशाला आणले ते त्यालाही नीट सांगता येईना, म्हणाला एवढी चांगली वस्तू टाकवत नाही.

मला हे वाक्य फार आवडलं. एवढी चांगली वस्तू टाकवत नाही.

तिकडं परदेशात घरी बियर बनवणारी मंडळी आहेत, होमब्रुअर म्हणतात त्यांना, ते लोक हेच केग गोळा करतात. वरचा व्हॉल्व्ह काढायचा, आतली नळी काढायची, धुवायचं आणि मग त्यातच बियर आंबवायची, नाहीतर तयार बियर भरून वरनं गॅस द्यायचा. अमेरिकेत 1978 साली कायदा झाला आणि घरी बियर बनवायला केंद्र सरकारची मोकळीक मिळाली, तेव्हापासून तिकडं हा छंद फार वाढला. आपल्याकडं तसं नाही, महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा लागू आहे, परवान्याशिवाय घरी बियर काढणं गुन्हा आहे, त्यामुळं ह्या व्हिडिओत बियर बनवायची नाहीये हे आधीच सांगतो. केग मात्र तोच, आणि तो परत वापरायचा तर काळजी पण तीच घ्यावी लागते, आत काय भरताय त्यानं त्यात काही फरक पडत नाही.

आणि गंमत बघा, तिकडचे होमब्रुअर आधी जे केग वापरायचे, स्टीलचे, पाच गॅलनचे म्हणजे एकोणीस लिटरचे, ते मुळात कोल्ड्रिंकचे होते. कोल्ड्रिंकच्या कंपन्या त्यातनं सिरप पाठवायच्या. पुढं कंपन्यांनी सिरप खोक्यातल्या पिशवीत द्यायला सुरुवात केली, केग भंगारात निघाले आणि बियरवाल्यांनी उचलले. म्हणजे कोल्ड्रिंकचा डबा बियरला गेला, आणि आता साताऱ्यात बियरचा डबा आल्याच्या सोड्याला आलाय.

(जुना फोटो: सोड्याची गाडी, निळसर काचेच्या बाटल्यांची रांग.)

हे मामांना जमलं कारण त्यांची सगळी उमर प्रेशरमध्ये गेली. गोटी सोडा. स्टँडजवळ गाडी होती त्यांची. ती बाटली इंग्लंडमधल्या हायरम कॉड नावाच्या माणसानं 1870 च्या दशकात काढली, गळ्यात काचेची गोटी, वर रबराची रिंग, आणि आतला गॅसच गोटीला वर दाबून धरतो, बूच लागतच नाही. अंगठ्यानं गोटी खाली दाबली की फट्ट. केगच्या तोंडाशी जो व्हॉल्व्ह असतो तो पण तसाच, आत स्प्रिंग असते आणि आतला गॅस त्याला वरच्या बाजूला दाबून धरतो. भावानं केग दाखवला तेव्हा मामांनी केगच्या तोंडात बोट घालून तो व्हॉल्व्ह चाचपला आणि म्हणाले, "आरं, ही तर आपली गोटीच हाय की."

आणि लगेच दुसरं वाक्य, "ह्यात गॅस हाय अजून. हात काढ."

इथं जरा थांबतो, कारण हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे.

रिकामा केग रिकामा नसतो. बियर संपते, पण तिला बाहेर ढकलणारा गॅस आतच राहतो. अशा केगचा व्हॉल्व्ह पान्यानं खोलायला गेलात तर ती आतली दांडी गोळीसारखी वर येते, समोर तोंड असेल तर काय होईल ते सांगायला नको. आधी कपलर, म्हणजे केगच्या तोंडावर बसवून व्हॉल्व्ह दाबणारी जोडणी, लावायचा किंवा व्हॉल्व्ह हळू दाबायचा, आपलं तोंड बाजूला ठेवून, फुस्स आवाज पूर्ण थांबेपर्यंत, आणि थांबल्यावर पण परत एकदा दाबून बघायचं. मगच पाना.

दुसरी गोष्ट अजून गंभीर. 2012 साली अमेरिकेत, न्यू हॅम्पशायर राज्यातल्या पोर्ट्समथ गावी, एका ब्रुअरीत प्लॅस्टिकचा केग धुताना फुटला आणि कामावरचा माणूस गेला. नंतर तपासात निघालं की त्या केगची मर्यादा 60 पीएसआय होती आणि हवेच्या लाईनीला रेग्युलेटरच नव्हता, त्यामुळं आत हवा कितीतरी जास्त गेली. पीएसआय म्हणजे आपण पंक्चरवाल्याकडं पॉइंट म्हणतो ते. कारच्या टायरात तीस बत्तीस पॉइंट असतात, त्यावरनं अंदाज घ्या.

म्हणून मामा केग तपासतात तो पाण्यानं. हवेनं कधीच नाही. पाणी दबून बसत नाही, केग फाटला तरी चर्रकन पाणी सांडतं आणि विषय संपतो, पण हवा दबून बसते स्प्रिंगसारखी, आणि फाटलं की सगळी एकदम सुटते. केग काठोकाठ भरायचा, आतला बुडबुडा सुद्धा काढायचा, आणि प्लंबर लोक पाइपलाइन टेस्ट करायला जो हातपंप वापरतात तो लावायचा. चाळीस पॉइंटला नेऊन अर्धा तास ठेवायचा. काटा हलला नाही तर पास. वापरताना मात्र पंधराच्या वर जायचं नाही, कारण कंपनीनं हा केग एकदाच वापरायला बनवलाय, आपण तो परत वापरतोय, तर त्याच्यावर भार पण कमीच टाकायचा. मला हे बरोबर वाटतं, ज्याला कुणाला हे करायचंय त्यानं एवढं तरी पाळावंच.

(पडवीच्या कोपऱ्यात वाकडा झालेला दुसरा केग.)

दोन केग आणले होते म्हणालो ना, दुसरा हा. आम्हीच घालवला.

काचेच्या बाटल्या मामा आयुष्यभर उकळत्या पाण्यात धुण्याचा सोडा टाकून धुवत आले, तोच हात इथं पडला. पेटचं प्लॅस्टिक सत्तर डिग्रीच्या पुढं मऊ पडायला लागतं, त्यामुळं गरम पाणी पडल्या पडल्या त्याचा खांदाच बसला. आणि तळाशी बघा, ह्या बारीक पांढऱ्या रेषा दिसतात का, कोळ्याच्या जाळ्यासारख्या. प्लॅस्टिकवर आधीच ताण असतो, त्यात सोड्यासारखं अल्कली लागलं की अशा चिरा जातात. बोटाला कळत पण नाहीत, उजेडात धरलं तर दिसतात. ह्याच्यात गॅस भरला असता तर, विचार नको. मामा दोन दिवस हळहळत होते.

आता धुणं असं होतं. कोमट पाणी, हाताला सोसेल एवढंच. लिंबूसत्त्व टाकून रात्रभर भिजत. घासणी नाही, ब्रश नाही, कारण ओरखडा पडला की त्यात जंतू घर करतात आणि मग कितीही धुवा, वास जात नाही. रबराचे वायसर दर खेपेला बदलायचे, बियरचा वास प्लॅस्टिकमध्ये राहिला नव्हता, तो वायसरमध्ये बसला होता, हे कळायला आम्हाला तीन आठवडे लागले.

(आलं वाटलं जातंय. फडक्यातनं रस.)

सुरुवातीला आम्ही आलं आंबवून करत होतो, आलं साखर पाणी, पाच सहा दिवस ठेवलं की आपोआप फसफसतं, आल्याच्या सालीवरचं यीस्टच ते करतं. चव काय सांगू, फार सुंदर. पण एक दिवस बाटलीत भरून ठेवलेलं विसरलो आणि बाटलीचा तळ फुगून बाहेर आला, उभीच राहीना. मग मामांनी वही काढली आणि हिशोब मांडला, भावानं मदत केली. वीस लिटरला दोन किलो साखर. यीस्टनं ती सगळी खाल्ली तर साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, उरलेल्याचं अल्कोहोल. एक किलो गॅस म्हणजे मोकळ्या हवेत साडेपाचशे लिटर. तो ह्या वीस लिटरच्या बंद पिंपात. यीस्ट तिथपर्यंत पोचायच्या आधीच केग गेला असता. शिवाय अल्कोहोल अर्ध्या टक्क्याच्या वर गेलं की कायद्यानं ते सरबत राहत नाही. मामांनी वही मिटली आणि म्हणाले, "आंबवायचं बंद. गॅस आपण भरू."

तेव्हापासून रीत ही. रस काढला की तासभर हलवायचा नाही, तळाला पांढरा गाळ बसतो, ते आल्याचं पीठ. वरचा रस अलगद ओतून घ्यायचा. हे न करता उकळलंत तर सगळं खळीसारखं चिकट होतं आणि केगची नळी तुंबते. मग साखर घालून उकळी, पूर्ण गार होऊ द्यायचं, एकदम गार, लिंबू पिळायचं, चिमूटभर मीठ, दोनदा फडक्यातनं गाळून केगात. सोळा लिटरच भरतात, वर जागा सोडतात. आणि केग जातो बर्फाच्या टबात, कारण गॅस गार पाण्यात जास्त विरघळतो. चार डिग्रीला बारा पॉइंटवर जेवढा गॅस मुरतो तेवढाच पंचवीस डिग्रीला मुरवायचा तर तीसच्या आसपास लागतात. म्हणजे बर्फ चवीसाठी आहेच, पण केगचा जीव पण बर्फच वाचवतो. गारव्यात यीस्ट पण झोपून राहतं.

गॅसच्या टाकीत साठच्या आसपास बार असतो. बार हं, पॉइंट नव्हे, एक बार म्हणजे साडेचौदा पॉइंट. म्हणून रेग्युलेटर पहिला, बाकी सगळं नंतर. आणि खोलीचं दार उघडं, कार्बन डायऑक्साइड जड असतो, खाली साचतो, कळत नाही.

(संध्याकाळ. राजवाड्यापुढची चौपाटी, दिवे लागलेत.)

संध्याकाळी केग ओल्या गोणपाटात गुंडाळून इथं येतो. उन्हात कधीच नाही. माणसं विचारतात, मामा ह्यात काय आहे, बियरचं दिसतंय पिंप, आणि मामा न कंटाळता प्रत्येकाला सगळं सांगतात, कुठनं आलं, कसं धुतलं, किती पॉइंट. नळ दाबला की आधी थोडा फेस, मग सोनेरी धार. पहिला घोट नाकात जातो, मग घशात आलं उतरतं, आणि मग ती ढेकर, ती गोटी सोड्याचीच.

केगच्या मानेला पांढरी पट्टी चिकटवलेली आहे, त्यावर मामा पेनानं खुणा करतात, एक भरणं एक रेघ, पाच झाल्या की आडवी. आज अकरावी आहे. बारा झाल्या की तो रिटायर, मग अंगणात कापून त्यात झाड लावायचं मामींच्या मनात आहे. मी विचारलं, मामा, अजून चांगला दिसतोय की, पंधरा करूया. त्यांनी केग उजेडाकडं धरला, तळ फिरवून फिरवून बघितला, बराच वेळ, आणि म्हणाले, "न्हाई. बारा म्हंजी बारा. भावाला फोन लाव, पुढचा बघायला सांग."