पार्क ग्वेल : डोंगरउतारावर अडवलेले पाणी

बार्सिलोनाच्या मेट्रोने वायकार्का स्थानकावर उतरले की थोड्याच अंतरावर चढ सुरू होतो, आणि तो चढ इतका उभा आहे की या निवासी गल्लीत उघड्यावरच सरकते जिने बसवावे लागले आहेत. हातात फोन धरून या जिन्यांवर उभी असलेली मंडळी जगाच्या कानाकोपऱ्यांतून आलेली असतात आणि बहुतेक सगळी एकाच बागेकडे निघालेली असतात. ज्या टेकडीवर ती बाग आहे तिला पूर्वी 'मुंतान्या पेलादा', म्हणजे बोडका डोंगर, म्हणत. आज या उतारावर पाइन, ऑलिव्ह, कॅरोब आणि ताडवर्गीय झाडांची दाटी दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र इथे खडक, विरळ झुडपे आणि पाण्याची वानवा होती. या चित्रफितीत पार्क ग्वेल ही बाग पाहताना ही गोष्ट मनात ठेवावी, कारण पुढे जे काही दिसणार आहे त्याचा उलगडा तिथूनच होतो.

कापड उद्योगात मोठी संपत्ती मिळवलेले एउसेबी ग्वेल यांनी 1899 मध्ये ही जमीन घेतली आणि तिची आखणी अंतोनी गाउदी या वास्तुविशारदाकडे सोपवली. 1900 मध्ये काम सुरू झाले. बाग उभारावी असा विचार तेव्हा नव्हता. इंग्लंडमधल्या उद्यान-वसाहतींच्या धर्तीवर, शहराच्या धुरापासून दूर, श्रीमंत कुटुंबांसाठी साठ भूखंडांची वसाहत करायची होती, आणि प्रत्येक भूखंडाचा जेमतेम सहावा हिस्सा बांधकामासाठी वापरण्याची मुभा होती. म्हणजे बाकीच्या जागेत झाडे हवीत, झाडांना पाणी हवे, आणि पाणी तर या टेकडीवर टिकतच नव्हते. भूमध्य सागराकाठचा उन्हाळा कोरडा जातो. शरद ऋतूत पाऊस येतो तो अनेकदा एकदम कोसळतो आणि उतारावरची माती घेऊन खाली निघून जातो.

या पुलांकडे पाहा. गाडीरस्ते नेण्यासाठी टेकडी कापून सपाट करणे हा सोपा मार्ग होता, पण गाउदींनी तो टाळला आणि उताराच्या वळणांबरोबर वळणारे रस्ते आखून, जिथे घळ आडवी आली तिथे दगडी पूल उभारले. हा दगड बाहेरून आणलेला नाही; याच टेकडीवर निघालेला ओबडधोबड, तपकिरी दगड जसाच्या तसा रचलेला आहे, आणि त्यामुळे खांब कुठे संपला आणि डोंगर कुठे सुरू झाला हे चटकन कळत नाही. खांब तिरके आहेत. वरच्या रस्त्याचा भार आणि मागच्या मातीचा रेटा ज्या दिशेने येतो त्याच दिशेला ते कललेले आहेत, त्यामुळे त्यांना वेगळे टेकू द्यावे लागले नाहीत. या आडव्या दगडी वाटेवर कॅमेरा चालत जातो तेव्हा एका बाजूला खांबांची तिरकी रांग आणि दुसऱ्या बाजूला लाटेसारखी वाकलेली भिंत दिसते. ही भिंत मागचा सगळा उतार पेलून धरते. धरलेल्या मातीत झाडे लावली, आणि तीही कमी पाण्यावर जगणारी, याच हवामानातली.

आता उद्यानातल्या मोठ्या चौकात येऊ. वसाहतीतल्या लोकांनी जमावे, कार्यक्रम व्हावेत यासाठी तो योजला होता आणि त्याला 'ग्रीक थिएटर' असे म्हटले जाई. त्याचा अर्धा भाग डोंगरात कोरलेला आहे आणि अर्धा खालच्या स्तंभांवर तोललेला आहे. कडेने नागमोडी वळत गेलेले बाक सुमारे 110 मीटर लांब असून तेच चौकाचा कठडाही आहे. प्रत्येक वळणात पाचसहा जणांना एकमेकांकडे तोंड करून बसता येते, आणि पलीकडच्या वळणातली माणसे त्यांच्याकडे पाठ करून आपल्या गप्पांत असतात. बाकावरची नक्षी फुटक्या फरशांची आहे. 'त्रेंकादीस' नावाच्या या पद्धतीत तुकडे वक्र पृष्ठभागावर बेतून बसवले जातात, कारण सपाट, अख्खी फरशी अशा वळणावर बसूच शकत नाही. यातली रंगांची जुळणी मुख्यतः गाउदींचे सहकारी जोसेप मारिया जुजोल यांची आहे, आणि त्यांचे नाव पर्यटकांच्या कानावर फार कमी पडते हे खटकते.

बाकाची छायाचित्रे सगळेच काढतात. पायाखाली मात्र क्वचितच कोणी पाहते. या चौकाला फरसबंदी नाही, आणि ती मुद्दामच टाळलेली आहे. पडलेला पाऊस इथून वाहून जाऊ नये, खाली झिरपावा, अशी ही रचना आहे. पृष्ठभागाखाली लहानमोठ्या दगडांचे थर आहेत. त्यांतून उतरताना पाणी गाळले जाते, मग ते वाटांनी स्तंभांकडे वळते आणि स्तंभांच्या पोटातून खालच्या टाक्यात जाते.

ते स्तंभ हे आहेत. एकूण 86. प्राचीन ग्रीक मंदिरांच्या डोरिक शैलीची आठवण करून देणाऱ्या या दालनात वसाहतीचा बाजार भरावा अशी कल्पना होती. कडेचे स्तंभ आतल्या बाजूला कललेले आहेत, म्हणजे पुलांच्या खांबांमागचा विचार इथेही आहे. छत लहान लहान उथळ घुमटांचे आहे, आणि काही ठिकाणी जिथे स्तंभ यायला हवा होता तिथे तो न घेता छतावर मोठे वर्तुळाकार पदक बसवले आहे. त्यांतल्या एका पदकावर कॅमेरा स्थिर करू. लांबून जो सूर्य वाटतो त्यात जवळून पाहिल्यावर बाटलीचे बूड, बशीचे तुकडे, कपाची कड असे सगळे ओळखू येऊ लागते. टाकून दिलेल्या वस्तूंतून जुजोल यांनी हे काम केले आहे, आणि त्याच्या वरच्या अंगाला, आपल्याला न दिसणाऱ्या थरांतून, पावसाचे पाणी वाट काढत असते. शोभा आणि उपयोग यांची अशी एकजीव रचना सार्वजनिक वास्तूंमध्ये विरळाच सापडते.

खालचे टाके सुमारे 1200 घनमीटरचे, म्हणजे बारा लाख लिटर पाणी मावेल एवढे आहे. ते आपल्याला आत जाऊन पाहता येत नाही, पण त्याचे तोंड सगळ्या जगाला ठाऊक आहे. पायऱ्यांवरचा हा रंगीत प्राणी, ज्याला कोणी ड्रॅगन म्हणते तर कोणी सॅलमँडर, टाके भरल्यावर जादा पाणी बाहेर सोडण्यासाठी आहे. त्याच्या पाठीवर हात ठेवून छायाचित्र काढून घेण्यासाठी माणसे रांगा लावतात. 2007 मध्ये त्याची तोडफोडही झाली होती आणि नंतर तो दुरुस्त करण्यात आला. आपल्या कॅमेऱ्याने त्याच्या जबड्यातून पडणारी धार टिपली आहे. ती धार पाहताना वरचा फरसबंदी नसलेला चौक, दगडांचे थर आणि पोकळ स्तंभ डोळ्यांसमोर आणावेत.

वसाहतीचे काय झाले, हे थोडक्यात सांगता येईल. साठपैकी दोनच घरे उभी राहिली. शहरापासूनचे अंतर, वाहतुकीची गैरसोय आणि खरेदीच्या जाचक अटी यांमुळे ग्राहक आले नाहीत, आणि 1914 मध्ये काम थांबले. नमुन्यादाखल बांधलेल्या घरात 1906 पासून गाउदी स्वतः राहत होते. ग्वेल 1918 मध्ये वारले, 1922 मध्ये महापालिकेने ही मालमत्ता विकत घेतली आणि 1926 मध्ये, ज्या वर्षी ट्रामच्या धक्क्याने जखमी होऊन गाउदींचा मृत्यू झाला त्याच वर्षी, ती सार्वजनिक उद्यान म्हणून खुली झाली. 1984 मध्ये तिला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले.

गर्दी पुढे इतकी वाढली की ऑक्टोबर 2013 पासून मुख्य भागासाठी वेळ ठरवून तिकीट घ्यावे लागते. 2024 मध्ये तर इथून जाणारी 116 क्रमांकाची बस फोनवरच्या नकाशातून काढून टाकावी अशी विनंती महापालिकेलाच नकाशा पुरवणाऱ्यांकडे करावी लागली, कारण आसपासच्या वृद्ध रहिवाशांना त्या छोट्या बसमध्ये जागाच मिळत नव्हती. त्याच वर्षी फेब्रुवारीत, सलग काही वर्षांच्या अवर्षणानंतर, बार्सिलोना आणि परिसरात दुष्काळी आणीबाणी लागू झाली होती. पिण्याचे पाणी सार्वजनिक बागांना घालण्यावर तेव्हा निर्बंध आलेल्या त्या शहरात, पाऊस जिथे पडतो तिथेच तो धरून ठेवणारी शंभर वर्षांपूर्वीची ही रचना आजच्या नगररचनाकारांनी पुन्हा अभ्यासावी, असे आम्हाला आग्रहाने वाटते.

प्रवेशाची वेळ तिकिटावर ठरलेली असली तरी आत किती वेळ थांबावे यावर बंधन नसते. म्हणून पायऱ्यांपाशी रांग दिसली तर तिथे अडकून पडू नये. आधी पुलांच्या बाजूने, वरून खाली यावे. तिकडे वर्दळ विरळ असते आणि तिरक्या खांबांच्या सावलीत शांतपणे उभे राहता येते. मग चौक, मग स्तंभांचे दालन आणि त्यानंतर पायऱ्या, हा क्रम पाण्याच्याच वाटेने जातो. शक्य झाले तर पाऊस नुकताच पडून गेलेला दिवस निवडावा.