जनरेट झालेल्या फाईलला हात लावू नका!

विषय ठरलाय तो आयडीएलमध्ये (डेटाचा आराखडा लिहायच्या भाषेत) टाइप बदलला तर जुने प्रोग्रॅम कसे टिकवायचे, हा. तिकडे येतोच. पण आधी एक जुनं दुखणं सांगू द्या.

डीडीएसवर (प्रोग्रॅमनी नेटवर्कवरून एकमेकांना डेटा द्यायच्या मानकावर) काम करणारे इथे बरेच आहात, त्यामुळे मुळापासून सांगत नाही. आयडीएल फाईलमध्ये स्ट्रक्ट, म्हणजे फील्डची यादी, लिहायचं आणि त्यावरून कोड बनवणारा जनरेटर चालवायचा. टाइपसपोर्ट, डेटा पाठवणारा डेटारायटर, घेणारा डेटारीडर आणि सिरियलाइझ-डिसिरियलाइझचा (डेटाचे बाइट करायचा आणि बाइटचा परत डेटा करायचा) सगळा रटाळ कोड तयार. १९९१ मध्ये कॉर्बा (वेगवेगळ्या मशीनवरच्या प्रोग्रॅमना जोडणारं जुनं मानक) आलं तेव्हाही हेच होतं, यात नवीन काही नाही. आणि अशा फायलींच्या डोक्यावर बहुतेक जनरेटर स्वतःच बजावतात: ही फाईल आपोआप बनली आहे, बदलू नका.

तरी एका ठिकाणी (नाव विचारू नका, तिथले दोघे-तिघे समोरच बसलेत) एका हुशार गृहस्थांनी हात घातलाच. डिसिरियलाइझमध्ये प्रत्येक फील्डला वेगळा फंक्शन कॉल, तो त्यांना फार संथ वाटला. कॉल काढून त्यांनी थेट मेमकॉपी ठोकली, म्हणजे आलेले बाइट जसेच्या तसे उचलून ठेवले. सगळी मशीन इंटेलची, त्यामुळे छान चाललं, कौतुकही झालं. मग नेटवर्कवर एक बिग-एंडियन, म्हणजे आकड्याचे बाइट इंटेलच्या उलट क्रमाने ठेवणारा, कंट्रोलर आला. त्याने पाठवलेला पंप क्रमांक १ इकडे दिसला १६७७७२१६! एवढे पंप तर अख्ख्या जिल्ह्यात नसतील. पाकिटातल्या डेटाच्या सुरुवातीला चार बाइटचं हेडर असतं, त्यात ही बाइट ऑर्डर लिहिलेली असते. जनरेट झालेला कोड ती बघतो आणि गरज असेल तर बाइट उलटवतो. तेच काम मेमकॉपीने गिळलं होतं.

आता खरी गंमत ऐका. शोधाशोध चालू असताना तिसऱ्याच कोणीतरी एक फील्ड वाढवलं, जनरेटर पुन्हा चालवला, मेमकॉपी पुसली गेली आणि बग आपोआप बरा झाला. श्रेय फील्ड वाढवणाऱ्याला! म्हणून म्हणतो, गिटमध्ये (कोडच्या साठ्यात) फक्त आयडीएल ठेवा आणि जनरेटरची पायरी बिल्डमध्येच घाला.

अर्थात जनरेटर म्हणजे रामबाण नव्हे. १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर गेलं, कारण एका बाजूचे आकडे पाउंड-सेकंदात होते आणि दुसरी बाजू ते न्यूटन-सेकंद समजत होती. आयडीएलमध्येही दोन्हीकडे ‘डबल’च (नुसता दशांश आकडा, एकक नाही) लिहिलं असतं, आणि जनरेटरने चूं केलं नसतं.

पाचच मिनिटं? बरं, मूळ विषय धावत. टाइप तीन प्रकारचे. फायनल: काही बदलायचं नाही. अपेंडेबल: नवीन फील्ड फक्त शेवटी, जुना रीडर शेपूट सोडून देतो, नव्या रीडरला जुना डेटा आला तर तिथे डिफॉल्ट भरतो. म्युटेबल: प्रत्येक फील्डला आयडी, क्रम बदलला तरी चालतं, पण पाकिटात दर फील्डमागे हेडर वाढतं. छोट्या, सारख्या जाणाऱ्या मेसेजला हे परवडत नाही. आणि म्युटेबल घेतलंत तर आयडी हाताने लिहा. डिफॉल्टवर सोडलेत तर ते क्रमाने लागतात. मध्ये एक फील्ड घुसवलं की पुढचे सगळे सरकतात आणि जुना रीडर दाबाच्या जागी तापमान वाचतो. कीच्या फील्डना (नोंद कोणाची ते ओळखायच्या फील्डना) तर यातलं काहीच करू नका. का, ते चहाला विचारा.